‘सिगारेट नाही हो, फक्त व्हेप’... मग फॉर्मवर काय लिहू?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

“ताई, नाव छापू नका. वय ३१, लग्न झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे. चार वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, एकदम सोडली, त्याचा अजून अभिमान आहे. पण गेली दोन वर्षं व्हेप करतो, म्हणजे ई-सिगारेट. बायकोला माहीत नाही. आता नवीन नोकरीची ऑफर आलीये आणि जॉइनिंगच्या आधीच्या मेडिकलमध्ये ‘कोटिनिन’ अशी टेस्ट लिहिलीये, १२ दिवसांनी आहे. त्यात व्हेप दिसतं का? मित्र म्हणतो भरपूर पाणी पी, निघून जातं. कधी कधी मी झिरो निकोटीनवालं पण ओढतो. दुसरं म्हणजे टर्म इन्शुरन्स घेतोय. एजंट म्हणाला व्हेपमध्ये तंबाखू नसतो, ‘नाही’वर टिक करा, हप्ता निम्म्यावर येईल. करू का? सध्या निकोटीनची च्युइंगम खाऊन सोडायचा प्रयत्न चालू आहे. आणि सुटलंच तर डिव्हाइस मित्राला देऊन टाकू का?”

अरे बाबा, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते व्हेप नाही, तो एजंट खटकला. पण त्याच्याकडे नंतर येते, कारण तुझ्या डोक्यात आत्ता ती टेस्ट बसलीये आणि ती तिथून उठल्याशिवाय तू पुढचं काही नीट वाचणार नाहीस.

तर कोटिनिन. निकोटीन शरीरात गेलं ना, मग ते सिगारेटमधून जाऊ दे, व्हेपमधून, चघळायच्या तंबाखूतून, पॅचमधून नाहीतर तुझ्या त्या च्युइंगममधून, लिव्हर त्यातला ७०-८० टक्के भाग कोटिनिन करून टाकतं. निकोटीन स्वतः फार टिकत नाही, दोनेक तासांत रक्तातलं निम्मं होतं, म्हणून तर तुझा हात सारखा खिशाकडे जातो. कोटिनिनला मात्र निम्मं व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात. म्हणजे पाहुणा कधीच निघून गेला पण त्याच्या चपला दारात आहेत, आणि लॅब त्या चपला बघते. त्या चपला सिगारेटच्या की व्हेपच्या हे लॅबला कळत नाही आणि तिला त्याच्याशी घेणंदेणंही नाही. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दिसतं, अगदी सिगारेटइतकंच दिसतं, आणि हल्लीच्या निकोटीन सॉल्टवाल्या पॉडमध्ये, म्हणजे लिक्विड भरलेल्या त्या छोट्या डबीत, स्ट्राँग लिक्विड असेल तर कधी कधी जास्तच दिसतं. युरोपियन युनियनमध्ये लिक्विडला मिलीमागे २० मिलिग्रॅम निकोटीनची मर्यादा आहे, पण सगळीकडे तशी मर्यादा नाही आणि ‘५ टक्के’ असं लिहिलेलं पॉड म्हणजे मिलीमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास झालं.

एक टेस्ट अशी आहे जिच्यात व्हेप दिसत नाही, ती म्हणजे फुंकर मारायची कार्बन मोनॉक्साइडची. जळणं असेल तरच कार्बन मोनॉक्साइड येतो, व्हेपमध्ये काही जळत नाही, नुसतं तापतं. त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो की ‘माझ्या मित्राच्या टेस्टमध्ये व्हेप आलंच नाही’. त्याची टेस्ट वेगळी होती राजा. तुझ्या कागदावर कोटिनिन लिहिलंय.

आता ती टेस्ट प्रत्यक्षात कशी असते ते सांगते, म्हणजे भीती जरा कमी होईल. बहुतेक ठिकाणी आधी युरिनची पट्टी असते. पट्टीवर दोन रेघा आल्या तर निगेटिव्ह आणि एकच आली तर पॉझिटिव्ह, म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोब्बर उलट, आणि मी एका तरण्याताठ्या मुलाला दोन रेघा बघून घाम फुटलेला पाहिलाय, बिचारा निगेटिव्ह होता. दुसरी रेघ अगदी फिकट आली तरी ती रेघच धरतात. या पट्टीचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, बऱ्याच ठिकाणी मिलीमागे २०० नॅनोग्रॅम असतो, काही ठिकाणी १००. शेजारी कोणी सिगारेट ओढली आणि तुझ्या नाकात धूर गेला एवढ्याने साधारणपणे हा आकडा गाठला जात नाही, तेव्हा ‘मी फक्त मित्रांबरोबर उभा होतो’ हे कारण लॅबवाल्यांनी रोज ऐकलेलं असतं. वांग्या-टोमॅटोत निकोटीन असतं हे पण ऐकलेलं असतं. असतं, खरंय, पण इतकं नखभर की त्यासाठी तुला वांग्याच्या शेतात राहायला जावं लागेल.

पाण्याचं. मित्राला सांग की लॅबवाले त्याच्यापेक्षा चार पावलं पुढे आहेत. पाणी ढोसून गेलास की युरिन पातळ होते, आणि पातळ झालीये हे युरिनमध्ये नेहमी असणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्यावरून लगेच कळतं, डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की रिपोर्टवर ‘डायल्यूट’ असा शेरा येतो आणि परत बोलावतात. दुसऱ्याचं सॅम्पल वगैरे डोक्यात असेल तर कपाला बाहेरून तापमानाची पट्टी चिकटवलेली असते, चार मिनिटांच्या आत साधारण ३२ ते ३८ डिग्री दाखवायला लागतं. मी हे तुला चकवायला शिकवत नाहीये, उलट सांगतेय की निकोटीनसाठी पॉझिटिव्ह येणं ही एक गोष्ट आणि सॅम्पलमध्ये गडबड केली म्हणून नाव लागणं ही दुसरी, आणि दुसऱ्या गोष्टीनंतर कंपनीशी बोलायला तोंडच राहत नाही.

मग १२ दिवसांत काय होऊ शकतं? खरंच बंद केलंस, आज रात्रीपासून, तर होऊ शकतं. हिशोब सोपा आहे. समज तुझ्या रक्तात आज ३०० नॅनोग्रॅम आहे. निम्मं १५०, मग ७५, मग ३७, मग १८, मग ९, मग साडेचार. सहा वेळा निम्मं, म्हणजे चार-पाच दिवस. युरिनमध्ये आकडा रक्तापेक्षा बराच वर असतो म्हणून अजून थोडे दिवस धर. काही लोकांचं लिव्हर हे काम हळू करतं, तो ज्याच्या त्याच्या एन्झाइमचा भाग आहे, त्यांना आणखी वेळ लागतो. तरी १२ दिवस बऱ्याच जणांना पुरतात. केसांची टेस्ट असेल तर गोष्ट वेगळी, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि तीन सेंटीमीटर केस म्हणजे तीन महिन्यांची डायरी. पण तुझ्या कागदावर तसं काही दिसत नाही.

फक्त यात दोन खड्डे आहेत, दोन्ही तुझ्या पत्रातच आहेत.

पहिला म्हणजे तुझं झिरो निकोटीन. लेबलवर झिरो आणि आत निकोटीन निघालंय असं तपासण्यांमध्ये वेगवेगळ्या देशांत सापडलंय. शिवाय त्याच डिव्हाइसमध्ये काल तू पाच टक्केवालं भरलं होतंस, कॉइल तीच, टाकी तीच. त्या १२ दिवसांत झिरो पण नको.

दुसरा खड्डा च्युइंगम. तू चांगलं काम करतोयस, पण च्युइंगममध्ये निकोटीनच आहे, त्याचं पण कोटिनिनच होणार आणि पट्टीवर एकच रेघ येणार. म्हणजे सोडायचा औषधोपचार करणारा माणूस आणि दिवसभर ओढणारा माणूस पट्टीला सारखेच. तंबाखूत अ‍ॅनाबेसिन नावाचं अजून एक द्रव्य असतं जे पॅच-च्युइंगममध्ये नसतं, त्यावरून तंबाखू की औषध हे वेगळं काढता येतं, पण व्हेपच्या लिक्विडमध्येही ते जवळपास नसतंच, त्यामुळे तुझ्या केसमध्ये ती टेस्ट काही फारशी कामाची नाही. तर काय करायचं, च्युइंगम थांबवून परत व्हेपवर घसरायचं? अजिबात नाही. डॉक्टरकडे जा आणि निकोटीन नसलेल्या गोळ्यांबद्दल विचार. व्हॅरेनिक्लिन आहे, ब्युप्रोपियन आहे, यांत निकोटीन नाही त्यामुळे कोटिनिन वाढत नाही. दोन्ही डॉक्टरांनी लिहून द्यायच्या आहेत, ब्युप्रोपियन तर फिट्स येणाऱ्याला देत नाहीत, तेव्हा मित्राच्या सांगण्यावरून नको. आणि डॉक्टर म्हणाले की तुला च्युइंगमच बरी, तर त्यांच्याकडून तसं चिठ्ठीवर लिहून घे आणि सॅम्पल द्यायच्या आधी, परत सांगते आधी, त्या फॉर्मवर ‘सध्या घेत असलेली औषधं’ या रकान्यात लिही. रिपोर्ट आल्यावर दाखवलेली चिठ्ठी सारवासारव वाटते.

आणि हो, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, झोप उडणं, भूक खवळणं, कशात लक्ष नाही. बायकोला माहीत नाही म्हणतोस ना, तिसऱ्या दिवशी आपोआप कळेल, कारण तू मुलीच्या खेळण्यावर ओरडशील. त्याआधीच सांगून टाक. त्याच्यावर परत येतेय मी.

नोकरीचं बघू. सगळ्या कंपन्या ही टेस्ट एकाच कारणाने करत नाहीत, आणि तुझी कंपनी कुठल्या जातीची आहे हे तुला माहीतच नाहीये, तू सरळ घाबरून बसलायस. काही जण निकोटीनवाल्याला घेतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या शेवटापासून धूम्रपान करणाऱ्यांना भरती करणं बंद केलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने २००७ मध्ये तेच केलं, आणि यू-हॉल या ट्रक भाड्याने देणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२० पासून २१ राज्यांत निकोटीन वापरणाऱ्यांना नवीन नोकरी द्यायची नाही असं ठरवलं. शब्द बघ, तंबाखू नाही म्हटलंय, निकोटीन म्हटलंय, म्हणजे व्हेप आलं. २१ च राज्यं का, तर उरलेल्या बऱ्याच राज्यांत ऑफिसच्या वेळेबाहेर कोण काय ओढतो यावरून नोकरी नाकारायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे एकाच देशात या टोकाला एक नियम आणि त्या टोकाला दुसरा.

दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या नोकरी देतात, पण ग्रुप हेल्थ इन्शुरन्समध्ये तुझ्या पगारातून जास्त कापतात. अमेरिकेत तर यावर नियमच आहेत, तंबाखूमुळे किती टक्क्यांपर्यंत जास्त घेता येतं, आणि सोडायचा कार्यक्रम पूर्ण केला तर ते जास्तीचे पैसे माफ करायचा पर्याय कंपनीने द्यायलाच हवा. आणि तिसऱ्या प्रकारच्या कंपन्यांना फक्त एवढंच हवं असतं की आवारात, गाडीत, मशीनजवळ, गॅसजवळ काही ओढू नकोस. तुझा रिपोर्ट ते फाइलला लावतात आणि विसरतात.

तेव्हा एचआरला मेल टाक. लपतछपत नाही, सरळ. विचार की ही टेस्ट नोकरीसाठी अट आहे की इन्शुरन्ससाठी, कट-ऑफ किती आहे, पट्टी पॉझिटिव्ह आली तर मशीनवर परत तपासणी करतात का, रिपोर्ट कोणाकोणाकडे जातो, आणि डॉक्टरांच्या सांगण्याने निकोटीन रिप्लेसमेंट, म्हणजे च्युइंगम-पॅच, चालू असेल तर काय. असं विचारलं म्हणजे आपण पकडले गेलो असं तुला वाटेल. अरे, कबुली दिली असं होत नाही. सोडतोय असं सांगणारा उमेदवार आणि सॅम्पलमध्ये पाणी मिसळणारा उमेदवार यांत कोण बरा वाटतो हे एचआरला पण कळतं. आणि मेलवर विचार, फोनवर नको, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

अजून एक, ज्या देशात काम करणार आहेस तिथला कायदा बघ. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळ्यावर बंदी आहे, सिंगापूरमध्ये जवळ बाळगणं आणि वापरणं हाच गुन्हा आहे. बॅगेत डिव्हाइस घेऊन जॉइनिंगला निघालास तर मेडिकलच्या आधीच विमानतळावर गंमत होईल.

हं, आता तो एजंट.

मी बरीच वर्षं इन्शुरन्सच्या प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विम्याच्या अर्जांच्या, ढिगात काढलीयेत, त्यामुळे हे जरा लांबेल, सहन कर. तू त्या फॉर्मवरचा प्रश्न स्वतः वाचलायस का? एजंटने सांगितलेला नाही, छापलेला. मला खात्री आहे तू वाचला नाहीस. तिथे ‘तुम्ही सिगारेट ओढता का’ एवढं सहसा नसतं. तिथे असतं, ‘गेल्या १२ महिन्यांत तंबाखू किंवा निकोटीन कोणत्याही स्वरूपात घेतलं आहे का’, काही ठिकाणी २४ महिने, काही ठिकाणी पाच वर्षं, आणि आजकाल ई-सिगारेट असा शब्दच घातलेला असतो. एजंटचं ‘व्हेपमध्ये तंबाखू नसतो’ हे वाक्य खरंच आहे, तंबाखूची पानं त्यात नसतात, पण प्रश्न तंबाखूच्या पानांचा नाहीये. प्रश्नात ‘कोणत्याही स्वरूपात’ हे दोन शब्द कंपनीने उगाच नाही घातलेले.

तुला वाटत असेल, हे अन्यायाचं आहे, सिगारेटवाला आणि मी सारखेच कसे. तुझा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, व्हेपमध्ये जळण्यातून होणारा टार आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. पण विमा कंपनीची अडचण बघ. तिच्याकडे मोजायला कोटिनिन आहे, आणि कोटिनिन दोघांचं सारखंच. त्यात व्हेप करणारे बरेच जण मधूनमधून सिगारेटही ओढतात, ते फॉर्मवर कोणी लिहीत नाही. आणि ही वस्तू अजून तरुण आहे, आजची ई-सिगारेट चीनमध्ये साधारण २००३ मध्ये आली, ३०-४० वर्षं व्हेप केलेली माणसं मोजायला अजून तयारच झालेली नाहीत. त्यात २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या एका आजाराची साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक हॉस्पिटलमध्ये गेले नाहीतर दगावले, त्यातले ६८ मृत्यू. त्याचा मोठा संबंध गांजाच्या द्रव्याच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी निघाला, तुझ्या साध्या पॉडशी नाही, हे पण सांगायला हवं. पण जोखमीचा हिशोब करणाऱ्याला जिथे माहिती नाही तिथे तो जास्तच पैसे लावतो, आणि म्हणून बहुतेक कंपन्या व्हेपवाल्याला सरळ स्मोकरच्या दरात टाकतात. हप्ता बराच वाढतो, कित्येकदा दुपटीच्या आसपास. तेवढं एजंट खरं बोलला.

आता ‘नाही’वर टिक केलंस तर पुढे काय काय होऊ शकतं. एक, मेडिकलमध्ये कोटिनिन निघालं, तर फॉर्मवर नाही आणि रिपोर्टमध्ये हो. मग नुसता दर वाढत नाही, तुझ्या प्रत्येक उत्तराकडे संशयाने बघतात, प्रपोजल नाकारलं तर पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर ‘तुमचा अर्ज कधी नाकारला गेलाय का’ हा रकाना तुझी वाट बघत असतो. दोन, मेडिकल झालीच नाही किंवा निगेटिव्ह आली आणि पॉलिसी मिळाली. तुला वाटेल सुटलो. इथेच खरी गोम आहे.

क्लेमची चौकशी कशी होते माहितीये? गुप्तहेर वगैरे कोणी येत नाही. हॉस्पिटलचे केसपेपर मागवतात. आणि केसपेपरवर काय असतं, तर अ‍ॅडमिट होताना ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलेलं असतं, काही व्यसन? तिथे माणूस खरं बोलतो रे. छातीत दुखत असताना कोणी हप्त्याचा विचार करत नाही. आणि डॉक्टर लिहितो, व्हेपिंग, तीन वर्षं, रोज. माझ्या टेबलावर अशीच एक फाइल आलेली, सिगारेटची होती, पॉलिसीला दीड वर्षं झालेलं. प्रपोजल फॉर्मवर ‘नाही’, ठसठशीत टिक, आणि केसपेपरवर त्याच माणसाच्या तोंडची माहिती, दिवसाला दहा. खाली सही त्याच्या बायकोची होती, नातेवाईक म्हणून. तिनेच डॉक्टरला खरं सांगितलं होतं. मी ती फाइल दोनदा वाचली, काही निघतं का म्हणून. आणि तो एजंट तोपर्यंत दुसऱ्याच कंपनीत गेलेला.

कळलं का तुला? मेडिकलच्या वेळी उत्तर द्यायला तू असतोस. क्लेमच्या वेळी तू नसतोस. त्या टिकचा खुलासा द्यायला ती बसणार, जिला तू व्हेप करतोस हेच माहीत नाही.

एजंट अजून एक म्हणेल, ठरलेली वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही. अर्धं खरं आहे. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, अमेरिकेत ही मुदत सहसा दोन वर्षांची असते, पण तिथेही काही ठिकाणी फसवणुकीला सूट नाही. ब्रिटनमध्ये २०१२ चा कायदा आहे, त्यात जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कंपनी सगळंच नाकारू शकते, निष्काळजीपणाने राहिलं असेल तर प्रमाणात देते, म्हणजे खऱ्या माहितीवर जेवढा हप्ता पडला असता त्याच्या निम्मा भरला असेल तर रक्कमही निम्मीच. तू एजंटशी याबद्दल मेसेजवर बोललायस ना? मग ते निष्काळजीपण उरत नाही. आणि तीन वर्षांचं म्हणशील तर पॉलिसी माणूस घेतो कशासाठी, मधल्या काळात काही होणार नाही अशी हमी असती तर घेतलीच नसती.

ही फार जुनी गोष्ट आहे. १७६६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात लॉर्ड मॅन्सफील्डसमोर सुमात्रामधल्या एका किल्ल्याच्या विम्याचा खटला चालला, आणि त्यात त्यांनी मांडलं की जोखमीची खास माहिती विमा घेणाऱ्याकडेच असते, समोरचा त्याच्या सांगण्यावर विसंबून पैसे लावतो, म्हणून लपवायचं नाही. गंमत म्हणजे त्या खटल्यात विमा देणाऱ्याची बाजू हरली, कारण जे त्याला स्वतःला कळायला हवं होतं ते त्याने विचारलंच नव्हतं. पण तुझ्या फॉर्मवर तर छापून विचारलंय.

मग काय करायचं. ‘हो’ लिही. व्हेप लिही, कधीपासून ते लिही, सिगारेट कधी सोडली ते लिही, च्युइंगम चालू आहे ते पण लिही, कारण बऱ्याच कंपन्यांना तेही निकोटीनच. हप्ता जास्त येईल तो परवडेल एवढंच कव्हर आत्ता घे. हे कायमचं नाहीये हे तुला एजंटने सांगितलं नसेल, कारण त्यात त्याला काही मिळत नाही. बऱ्याच कंपन्या १२ महिने निकोटीनशिवाय काढले आणि टेस्ट निगेटिव्ह आली तर नॉन-स्मोकर दरात परत बघतात, काही जास्त महिने मागतात. सही करायच्या आधी विचार की ही सोय या पॉलिसीत आहे का, आणि नसेल तर तेव्हा दुसरी नवीन घ्यायची, पण जुनी बंद करायची ती नवी हातात पडल्यावरच. ज्या दिवशी शेवटचं ओढलंस ती तारीख कुठेतरी लिहून ठेव. मोबाईलमध्ये नको, मोबाईल बदलतात, मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेव.

आणि जुनी एखादी पॉलिसी असेल जिच्यात तू नॉन-स्मोकर आहेस आणि ती घेताना खरंच काही ओढत नव्हतास, तर घाबरू नकोस, तेव्हा उत्तर खरं होतं. फक्त त्या पॉलिसीच्या अटीत नंतरचे बदल कळवायला सांगितलंय का ते वाच.

एक सांगू, तुझ्या पत्रात ‘सिगारेट सोडली त्याचा अभिमान आहे’ हे वाक्य आहे ना, ते मला आवडलं. पण सिगारेट संपते, व्हेप संपत नाही. सिगारेट पेटवली की पाच-सात मिनिटांत फिल्टर येतो, अ‍ॅशट्रेत थोटकं मोजता येतात, पाकीट रिकामं होतं, कपड्यांना वास येतो. व्हेपला थोटूक नाही. उशीखाली ठेवून रात्री दोनला एक झुरका, बाथरूममध्ये दोन, लिफ्टमध्ये एक. तू दिवसाला किती घेतोस हे पत्रात लिहिलं नाहीयेस, कारण तुलाच माहीत नाही. उद्या एक दिवस फक्त मोज, प्रत्येक झुरक्याला कागदावर एक रेघ, आणि मग डॉक्टरकडे जाताना तो कागद घेऊन जा, औषधाचा डोस ठरवायला त्यांना तो उपयोगी पडेल.

बायकोला आज सांग. भाषण नको, माफीनामा नको. टर्म इन्शुरन्सचा फॉर्म तिच्यासमोर ठेव आणि म्हण की इथे ‘हो’ लिहायचंय, का ते सांगतो. नॉमिनी तीच आहे ना, मग फॉर्म तिने वाचायलाच हवा. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. मेडिकलला १२ दिवस आहेत, जमतंय.

राहता राहिलं डिव्हाइस. मित्राला नको. एक तर तो तुझ्यासारखाच पुढच्या वर्षी कुठल्यातरी फॉर्मसमोर बसेल, आणि दुसरं, त्याच्याकडे असलं की तुला माहीत असतं ते कुठे आहे. घरातल्या कचऱ्याच्या डब्यात पण टाकू नकोस, आत लिथियमची बॅटरी असते, कचरा दाबताना ती फुटून आग लागते. ई-कचरा घेतात तिथे दे. आणि लिक्विडची उरलेली बाटली घरात कुठेही ठेवू नकोस, एक दिवसही नाही, त्याला गोड वास असतो, दोन वर्षांच्या मुलीला तो खाऊ वाटतो आणि थोडंसं पोटात गेलं तरी तिच्यासाठी ते विष आहे, हातावर सांडलं तरी कातडीतून आत जातं. डिव्हाइसबरोबरच तिथेच देऊन टाक, झाकण घट्ट लावून. आजच रात्री ते सगळं उशीखालून काढ, सकाळी मुलगी तुझ्याआधी उठते ना.